मुलगा म्हणतो "स्टँडर्ड्समधे" काम करायचंय, ही कसली नोकरी?

नमस्कार दादा,

पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. दादा भांडुपला राहतात, टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते, २०२० ला व्हीआरएस घेतली. मुलगा ईएक्सटीसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनियरिंगच्या, शेवटच्या वर्षाला आहे, कॅम्पसमधून मोठ्या आयटी कंपनीची ऑफर हातात आहे, पण पोरगं म्हणतंय ती नको, महापेच्या एका नेटवर्क इंटिग्रेटरकडे, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन जोडून नेटवर्क उभं करून देणाऱ्याकडे, सहा महिने ट्रेनी म्हणून जातो, कारण तिथे ऑप्टिकलची, म्हणजे फायबरवरच्या मशीनची, इंटरऑप लॅब आहे (वेगवेगळ्या कंपन्यांचा माल एकमेकांशी चालतो का ते तपासायची) आणि पुढे त्याला स्टँडर्ड्समधे जायचंय. दादा विचारतात, "हे स्टँडर्ड्स म्हणजे सरकारी नोकरी का, पगार कोण देतं, आणि टेलिकॉममधे माझं जे झालं तेच त्याचं होणार का?"

दादा, स्टँडर्ड म्हणजे काय ते तुम्हाला मुलापेक्षा जास्त माहितीये, फक्त त्या नावाने माहीत नाही. ब्लू, ऑरेंज, ग्रीन, ब्राउन, स्लेट. केबल कुठल्याही कारखान्यातून आलेली असो, तारांच्या पेअरचा रंगक्रम हाच, म्हणून तर दुसऱ्या शिफ्टवाल्याने अर्धवट सोडलेला जॉइंट तुम्ही त्याला फोन न करता पुढे करू शकत होतात. फायबरचे पहिले पाच रंग आजही हेच आहेत. हे कोणीतरी कधीतरी टेबलावर बसून ठरवलं, लिहून काढलं आणि सगळ्या कंपन्यांनी मान्य केलं. मुलगा म्हणतोय ते हेच काम, फक्त रंगांऐवजी लेझर आणि सॉफ्टवेअरचं.

फायबरच्या बाबतीत ही भानगड कधीच मिटलीये. जी.६५२ हा फायबरचा प्रकार म्हटलं की जगात कुठेही काय मिळणार ते ठरलेलं, कुठल्या वेव्हलेंग्थवर कुठला चॅनल बसणार त्याचाही आयटीयू या जागतिक टेलिकॉम संस्थेने तक्ता केलेला आहे. गोची होती ती दोन टोकांच्या मशीनची. डीडब्ल्यूडीएमची, म्हणजे एकाच फायबरवर अनेक वेव्हलेंग्थ पाठवणारी, लाइन घ्यायची म्हणजे ट्रान्सपॉन्डर (डेटा लेझरवर चढवणारा), मक्स (वेव्हलेंग्थ एकत्र करणारा), अॅम्प्लिफायर आणि वरचं मॅनेजमेंट सॉफ्टवेअर सगळं बहुतेक वेळा एकाच कंपनीचं, कारण एका कंपनीने लांबवर पाठवलेला सिग्नल दुसरीच्या मशीनला उलगडायचाच नाही, चुका दुरुस्त करायचं गणित म्हणजे एफईसी प्रत्येकाचं वेगळं आणि गुप्त. एकदा घेतलं की अडकलात, पुढचं कार्डही त्यांच्याकडूनच आणि त्यांच्या भावाने.

मग मोठ्या गिऱ्हाइकांनीच हट्ट धरला. अमेरिकेत एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी ओपन रोडममागे, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची ऑप्टिकल मशीन एकत्र चालावीत म्हणून केलेल्या नियमांमागे, उभी राहिली, डेटा सेंटरवाल्या बड्या कंपन्यांनी दुसरीकडून रेटा लावला, आणि ओआयएफ नावाच्या संस्थेत, जी १९९८ पासून आहे, एकमेकांचे कट्टर स्पर्धक असलेल्या कंपन्यांचे इंजिनियर एका टेबलावर बसून २०२० मधे ४००झेडआर नावाचा करार घेऊन बाहेर आले. म्हणजे काय, तर राउटरमधे थेट खोचायचं बोटभर मॉड्यूल, ४०० गिगाबिट, मधे अॅम्प्लिफायर धरून ८० ते १२० किलोमीटरपर्यंत, आणि दोन टोकांना दोन कंपन्यांची मॉड्यूल्स असली तरी चालली पाहिजेत, कारण एफईसी सुद्धा सगळ्यांनी एकच घ्यायचा ठरवलाय. समुद्राखालच्या केबल्स जिथे वर येतात ते वर्सोवा आणि डेटा सेंटर्सची रांग आहे ते ऐरोली, यांच्यातलं अंतर या हिशोबात अगदी आरामात बसतं, म्हणून मुलाला महापेची ओढ लागलीये यात मला तरी वेडेपणा दिसत नाही.

आता पगार. सरकारी नोकरी नाही. जिनिव्हाची आयटीयू ही युनोची संस्था, १८६५ पासूनची, तिचा स्टडी ग्रुप १५ ऑप्टिकलचं बघतो, इथरनेटचं, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कच्या जोडणीचं, काम आयईईई ८०२.३ या गटाकडे आहे, पण या सगळ्या ठिकाणी बसणारी बहुतेक माणसं त्या संस्थेची नोकर नसतात, त्यांचा पगार आणि विमानाचं तिकीट त्यांची कंपनी देते. आपल्याकडे टीएसडीएसआय ही स्टँडर्ड्स बनवणारी संस्था आहे आणि दूरसंचार विभागाचं टीईसी हे इंजिनियरिंग केंद्र आहे, टीईसीत सरकारी नोकरी असते हे खरं, पण तिकडे जायचा रस्ता स्पर्धा परीक्षेचा, तो वेगळाच विषय.

आणि हे मुलाला स्पष्ट सांगा, बावीस वर्षांच्या पोराला कोणी कमिटीत बसवत नाही. तिथे बसतो तो दहा-पंधरा वर्षं फील्डमधे किंवा डिझाइनमधे हात काळे केलेला माणूस, ज्याला कागदावरचं एक वाक्य वाचून कळतं की हे दोन कंपन्या दोन तऱ्हेने वाचणार आणि मग गिऱ्हाईक रडणार. त्यामुळे "स्टँडर्ड्समधे करिअर" असा पहिला जॉब नसतो. पहिला जॉब असतो टेस्टिंगचा.

त्या लॅबमधे नेमकं काय चालतं तेही सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. दोन राउटर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची मॉड्यूल्स, मधे पॅचकॉर्ड (फायबरची छोटी वायर) आणि अॅटेन्युएटर (प्रकाश मुद्दाम कमी करणारा). कनेक्टर सफाईच्या पेनने पुसले, खोचले, लेझर चालू, रिसीव्ह पॉवर व्यवस्थित दिसतेय, प्रकाश पोचतोय, आणि तरी लिंक डाउन. नवखा मुलगा पॅचकॉर्ड बदलत बसतो. शिकलेला मुलगा आधी बघतो की दोन्हीकडे एफईसी मोड एकच आहे का, मग बघतो की राउटरने मॉड्यूलला कुठला अॅप्लिकेशन कोड निवडायला सांगितलाय, कारण सीएमआयएस नावाच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे मॉड्यूल स्वतःच्या मेमरीत यादी ठेवतं की मी हे हे करू शकतो, आणि राउटरने त्यातलं एक निवडायचं असतं. मग कधी निघतं की राउटरला घाई आहे, या लांब पल्ल्याच्या (कोहेरंट) मॉड्यूलला जागं व्हायला वेळ लागतो, तो मेमरीत लिहिलेलाही असतो, पण राउटरचं सॉफ्टवेअर तेवढं थांबतच नाही आणि फॉल्ट म्हणून मोकळं होतं. दोन्ही कंपन्या आपापल्या जागी म्हणणार आमचं स्टँडर्डप्रमाणेच आहे. आणि गंमत म्हणजे दोघांचीही कागदाबरहुकूम टेस्ट एकेकट्याने पास झालेली असू शकते! कन्फॉर्मन्स (कागदाबरहुकूम असणं) वेगळं, इंटरऑप (एकमेकांशी चालणं) वेगळं, म्हणून तर ओआयएफवाले दर वर्षी ओएफसी आणि ईसीओसी या मोठ्या प्रदर्शनांत वेगवेगळ्या कंपन्यांचा माल एकत्र जोडून दाखवतात. असं भांडण पुराव्यानिशी मिटवणारा जो रिपोर्ट लिहितो ना, लॉग लावून, कुठल्या पानावरचा कुठला क्लॉज कोणी मोडला ते दाखवून, त्याला पुढे कमिटीवाले विचारतात. म्हणून इंग्रजीत नीट लिहिता येणं इथे कोडिंगएवढंच महत्त्वाचं आहे, आणि आमच्या इंजिनियरिंगच्या पोरांना नेमका त्याचाच कंटाळा.

तुमची भीती मला कळते. तुमचं कसब एका खात्याच्या तांब्याच्या केबलला बांधलेलं होतं, तांबं गेलं आणि खातंही आटलं, त्यात तुमचा काय दोष. मुलाने जर एकाच कंपनीच्या मशीनचे सर्टिफिकेट कोर्स करत आयुष्य काढलं तर तोच धोका त्यालाही आहे, ती कंपनी विकली गेली की संपलं. दोन कंपन्यांच्या मधे उभं राहता येणाऱ्याला मात्र कोणाचंही मशीन चालतं. पण गॅरंटी देणार नाही, टेलिकॉममधे पैसा लाटेने येतो आणि लाटेने जातो, कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

दुसरी गोष्ट, मुंबईची. इथे आणि नवी मुंबईत काम आहे ते मुख्यतः नेटवर्क चालवणाऱ्यांकडे, म्हणजे ऑपरेटर, डेटा सेंटर, केबल लँडिंग. मशीन बनवणाऱ्यांचं आर अँड डी बघायचं तर बंगळुरू, तेजस नेटवर्क्स तिकडेच आहे, किंवा गुरुग्राम. तीन-चार वर्षांनी पोरगं घर सोडेल ही तयारी ठेवा, वहिनींनाही आत्ताच सांगून ठेवा. एम.टेक.चं म्हणाल तर मॉड्यूलच्या आतली चिप किंवा डीएसपी (सिग्नलचं गणित करणारा भाग) डिझाइन करायची असेल तर गेट देऊन करायलाच हवं, टेस्टिंग आणि नेटवर्कसाठी अडून बसायची गरज नाही.

आता ऑफरचं. ट्रेनी या शब्दाखाली काहीही खपतं. मुलाला त्या महापेवाल्यांना लेखी विचारायला सांगा की सहा महिन्यांत मी लॅबमधे किती आणि साइटवर किती, मल्टिव्हेंडर टेस्टचा रिपोर्ट मी लिहिणार का नुसते रॅक चढवून केबल ओढणार, ओटीडीआर (फायबरमधला दोष कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) आणि स्पेक्ट्रम अॅनालायझर (कुठल्या वेव्हलेंग्थवर किती प्रकाश ते दाखवणारं) हातात मिळणार का, आणि नंतर कायम करणार असाल तर कशाच्या जोरावर. नाइट शिफ्टला तक्रारींची तिकिटं बंद करत बसायचं असेल तर त्यापेक्षा आयटीची ऑफर बरी, निदान पगार तरी आहे. लॅब खरी असेल तर मात्र मी मुलाच्या बाजूने आहे, घरचा हप्ता त्याच्या पगारावर अडलेला नसेल तर. तसं पत्रात तुम्ही काही लिहिलेलं नाहीये, ते तुमचं तुम्हाला बघायचंय.

तोवर त्याला रिकामा बसू देऊ नका. ओआयएफचे करार आणि आयटीयूच्या बहुतेक शिफारशी फुकट डाउनलोड होतात. जीएनपाय नावाचं पायथनमधलं ओपन सोर्स टूल आहे, टेलिकॉम इन्फ्रा प्रोजेक्टचं, त्यात फायबरची लांबी आणि अॅम्प्लिफायर टाकले की शेवटी सिग्नल कितपत शिल्लक राहतो ते कळतं. वर्सोवा ते ऐरोली अशी एक लिंक त्यात बनव म्हणावं, अॅम्प्लिफायर लावून आणि न लावता, आणि इंटरव्ह्यूला ते घेऊन जा. यांग मॉडेल (नेटवर्क मशीनच्या सेटिंग्ज लिहायची पद्धत) वाचायला शिकला तर उत्तमच. इंटरनेटची स्टँडर्ड्स बनवणाऱ्या आयईटीएफच्या चर्चा कोणालाही वाचता येतात, सुरुवातीला डोक्यावरून जातील, जाऊ देत.

महापेवाल्यांचं लेखी उत्तर आलं की मला पाठवा, मी बघून सांगते. आयटीवाल्यांना नकाराचा मेल तोपर्यंत अजिबात टाकू देऊ नका.