निघालेलं तेल आधी बघा

या वेळी शाफ्ट ड्राइव्हच्या, म्हणजे चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक चालवणाऱ्या मोटरसायकलींबद्दलचे प्रश्न जास्त आहेत. चेनवाल्यांचा आणि स्कूटरवाल्यांचाही एकेक घेतला आहे.

प्रश्न : शाफ्टची गाडी सेकंडहँड घेतली. 38,000 किमी झालेत. आधीचे मालक म्हणाले, ‘शाफ्टला काही करावंच लागत नाही.’ मागच्या ड्राइव्हचं तेल कधी बदललं त्याची नोंद नाही. घरी बदलता येईल का?

येईल, आणि लांबणीवर टाकू नका. चेनसारखी पुसापुशी लागत नाही, मालकांचं एवढंच खरं. चाकालगतच्या त्या गोळ्यात, म्हणजे मागच्या ड्राइव्हच्या हाउसिंगमध्ये, क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चाकांची जोडी असते. इंजिनाची सगळी ताकद तिथे काटकोनात वळते, आणि त्यांना न्हाऊ घालायला तेल असतं जेमतेम पावशेरभर. बहुतेक गाड्यांत 150 ते 250 मिली. एवढंसं तेल तापतंही लवकर आणि मळतंही लवकर. ‘आयुष्यभराचं तेल’ ही भाषा खुद्द कंपन्यांनीही वापरून पाहिली आहे. बीएमडब्ल्यूची आर 1200 जीएस 2004 साली आली, तेव्हा मागच्या ड्राइव्हच्या तळाला ड्रेन बोल्टच, म्हणजे तेल काढायचा बोल्टच, नव्हता. पुढे तो आला, आणि पहिलं तेल 1,000 किमीला बदलण्याची सूचनाही आली.

आता काम. दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा. गार तेल निम्मं आतच चिकटून बसतं. मग मॅन्युअलमध्ये सांगितलंय तशी गाडी उभी करा. आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सैल करा, नंतरच खालचा. मी शिकाऊ असताना उलटं केलं होतं. तेल सगळं ट्रेमध्ये आलं आणि वरचा बोल्ट गंजून असा बसला होता की त्याचे कोनच गोल झाले. गाडी दोन दिवस तशीच, तेलाविना. बोल्टच्या खाचेत चिखल दडलेला असतो, तो खिळ्याने उकरून मगच ॲलन की पूर्ण आत बसवा.

निथळायला वेळ द्या आणि निघालेलं तेल मोजा. ही पायरी जवळपास सगळे गाळतात. मॅन्युअल 200 मिली म्हणतंय आणि भांड्यात 120 आलं, तर उरलेलं कुठून तरी गेलंय. ते शोधल्याशिवाय नवीन भरण्यात अर्थ नाही.

वायसर नवीन लावा. हाउसिंग ॲल्युमिनियमचं असतं, त्यामुळे पान्याला पाइप लावून आवळलंत तर आटे गेलेच म्हणून समजा. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळता येणारा पाना, नसेल तर या कामापुरता कुणाकडून तरी मागून आणा.

प्रश्न : ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाचा लगदा निघाला. क्राऊन-पिनियन गेलं का?

नुसत्या लगद्यावरून तसं म्हणता येत नाही. तो चिमटीत घेऊन चोळा. लोण्यासारखा मऊ लागला, बोटांवर नुसती चंदेरी झाक राहिली, तर ती दातांची रोजची झीज आहे. पुसून टाका आणि विसरा. पहिल्या बदलाच्या वेळी तर तो निघायलाच हवा. बोटाला कण टोचले, सुईसारखी कुसळं निघाली किंवा पापुद्र्यासारखा चकचकीत तुकडा मिळाला, तर मात्र बेअरिंग किंवा दात सोलवटतोय. मग नवीन तेल भरून पांघरूण घालू नका, ड्राइव्ह उघडून घ्या.

तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं निघालं तर आत पाणी गेलंय. लांबच्या प्रवासाने तापलेलं हाउसिंग ओढ्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या छिद्रातून) किंवा जुन्या सीलच्या ओठातून पाणी आत खेचलं जातं. असं झालं असेल तर तेल भरा, थोडं चालवा आणि लगेच पुन्हा बदला. एका बदलाने सगळं पाणी जात नाही.

प्रश्न : शाफ्टसाठी आणलेलं 75डब्ल्यू-90 जाडीचं, जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल उरलं आहे. दुसऱ्या, चेनच्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये टाकू का? तसंही 90 म्हणजे इंजिनाच्या 20डब्ल्यू-50 तेलापेक्षा जाडच ना?

टाकू नका. आजच्या बहुतेक चेनवाल्या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच तेलात भिजतात. त्या तेलाला क्लचच्या प्लेटा घसरू न देता सांभाळायच्या असतात. जीएल-5 त्या कामाचं नाही. ते बनलंय क्राऊन-पिनियनसारख्या एकमेकांवर घासत फिरणाऱ्या दातांसाठी. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं तापलेल्या धातूवर पातळ थर धरतात, आणि दातांऐवजी तो थर झिजतो. बाटली उघडल्यावर येणारा तो उग्र वास गंधकाचाच. जुन्या, वेगळ्या गिअरबॉक्सच्या गाडीत पितळी बुश असतील तर तिथेही जीएल-5 घालण्याआधी मॅन्युअल बघा. काही जीएल-5 तेलं पितळ खातात.

जाडीचं म्हणाल, तर गिअर ऑइलची आणि इंजिन ऑइलची मोजपट्टीच वेगळी. 100 अंशांना गिअरचं 90 हे इंजिनाच्या 40-50 च्या आसपासच भरतं.

उरलेल्या तेलाने चेन पुसा. ओ-रिंगच्या (सांध्यांत रबरी कड्या असलेल्या) चेनला 80-90 चं गिअर ऑइल उत्तम चालतं, फक्त जास्तीचं फडक्याने टिपून घ्या.

प्रश्न : मीच तेल बदललं, आणि दोन दिवसांनी मागच्या रिमवर तेलाचे ओघळ. सील गेलं?

आधी पातळी बघा. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून भरलेलं तेल तापून फुगतं आणि ब्रीदरमधून नाहीतर सीलमधून वाट काढतं. पातळी बरोबर असूनही ओघळ येत असेल तर सील बदला. डिस्कवर किंवा टायरवर थेंब असेल तर ते साफ होईपर्यंत गाडी हलवू नका; ब्रेक पॅडने तेल प्यायलं असेल तर तेही बदला.

प्रश्न : स्कूटरला चेन नाही, शाफ्ट नाही, मग मेकॅनिक गिअर ऑइलचे पैसे का लावतो?

बेल्टनंतर मागच्या चाकाशी छोटी गिअरपेटी असते. तिचं तेल वेगळं, साधारण 100-120 मिली. पैसे रास्त आहेत. जुनं तेल दाखवायला मात्र सांगा.

प्रश्न : गिअर टाकताना शाफ्टमधून ‘टक्क’ आवाज येतो. चाक हाताने पुढे-मागे फिरवलं तर किंचित मोकळं फिरतं. दुरुस्ती लागेल?

तेवढी फिरकी दातांमध्ये ठेवलेलीच असते. बघायचं ते वेगळं. गाडी मेन स्टँडवर घ्या, चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा, मग पुढून-मागून धरून तसंच. प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर दुसऱ्या कुणाला हलवायला सांगून तुम्ही सांध्यावर बोट ठेवा. हाउसिंग जागेवर राहून नुसतं चाक हलत असेल तर आतलं मोठं बेअरिंग. हाउसिंगसकट हलत असेल तर स्विंगआर्मकडचं, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याकडचं.

प्ले नाही आणि आवाज वाढत चाललाय, तर शाफ्टच्या स्प्लाइन, म्हणजे एकमेकांत बसणारे त्याच्या टोकाचे लांबट दाते, बघा. ड्राइव्ह उतरवल्यावर तिथे विटेच्या भुकटीसारखी लाल पूड दिसली तर स्प्लाइन कोरड्या चालल्या आहेत. पूड धुऊन काढा आणि मॉलिब्डेनमची पेस्ट लावा. साधं ग्रीस तिथे टिकत नाही, भिरभिरून बाहेर फेकलं जातं. स्प्लाइनचे दात टोकाला धारदार झाले असतील तर पेस्टने काही होणार नाही, शाफ्ट बदलावाच लागेल. आणि चाक आत-बाहेर हलत असेल, तर गाडी चालवत आणू नका, दुसऱ्या गाडीवर चढवून आणा.