एल्कला .243 पुरेल का? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे .243 विंचेस्टर रायफल आहे. तिने दोन हंगाम हरणे मिळाली. यंदा कोलोरॅडोत एल्कचा परवाना लागला आहे. मित्र म्हणतात, .300 मॅग्नम घे. दुकानदार म्हणतो, .243 कायद्यात बसते. कोणाचे ऐकू?
– एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे चूक नाही. कोलोरॅडोच्या नियमानुसार एल्क आणि मूस या साध्या हरणांहून कितीतरी मोठ्या जातींसाठी रायफलचा व्यास किमान .24 इंच, गोळी फुलणारी (अंगात शिरल्यावर रुंदावणारी) आणि किमान 85 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) हवी. शिवाय 100 यार्डांवर 1,000 फूट-पौंड ऊर्जा उरली पाहिजे. तुमच्या .243 ची 100 ग्रेनची गोळी या सगळ्यात बसते. पण कायद्याने फक्त खालची रेघ आखली आहे, आणि हरणासाठी घेतलेली रायफल त्या रेघेच्या जेमतेम वर आहे.

ऊर्जेचा हिशेब घरी करता येतो. गोळीचे वजन (ग्रेन) गुणिले वेगाचा (फूट प्रतिसेकंद) वर्ग, भागिले 4,50,240. 100 ग्रेनची .243 नळीतून साधारण 2,960 च्या वेगाने निघते, म्हणजे 1,946 फूट-पौंड. .30-06 ची 180 ग्रेनची गोळी 2,700 ने निघते, म्हणजे 2,914. अमेरिकेतले जुने शिकारी हरणाला 1,000 आणि एल्कला 1,500 फूट-पौंड, तेही गोळी लागते त्या ठिकाणी, असा ठोकताळा धरतात. त्याला शास्त्राचा आधार फारसा नाही, पण अंतराची मर्यादा ठरवायला तो उपयोगी आहे. या मापाने .243 दीडशे यार्डांच्या आतच संपते. .30-06 सुमारे तीनशे यार्डांपर्यंत टिकते.

ऊर्जेपेक्षा मोठी अडचण खोलीची आहे. मोठा नर एल्क तीनशे किलोच्या घरात जातो. तो आडवा उभा असेल आणि गोळी दोन फासळ्यांमधून गेली, तर .243 सुद्धा दोन्ही फुप्फुसे फोडते. पण जनावर तुमच्या सोयीने उभे राहत नाही. ते तिरके, तुमच्याकडे तोंड करून उभे असेल तर वाटेत फऱ्याचे जाड हाड येते. पाठमोरे तिरके असेल तर चाऱ्याने भरलेल्या पोटाचा भाग ओलांडून गोळीला छातीत पोचायचे असते. अशा वेळी हलकी गोळी निम्म्यात थांबते. ती आरपार न गेल्यामुळे बाहेर पडायचे भोक राहत नाही. आत शिरलेल्या छोट्या भोकावर चरबी आणि केस बसतात, आणि जनावर वर्मी लागूनही रक्ताचा माग मिळत नाही. जखमी एल्क दाट झाडीत तीनशे-चारशे यार्ड गेला की शोधणे दैवावर.

म्हणून आमचे मत: यंदा .243 च न्यायची असेल, तर 95 ते 100 ग्रेनची पार्टिशन किंवा बाँडेड गोळी (म्हणजे काय, ते पुढच्या उत्तरात) घ्या, अंतर दीडशे यार्ड आणि जनावर आडवे, एवढी अट स्वतःला घाला. ती पाळणे जमणार नसेल तर दुसरी रायफल घ्या. .270, .308, .30-06, 7 मिमी रेमिंग्टन मॅग्नम यांपैकी कोणतीही चालेल. यांच्यात निवड करताना डोके खाजवू नका. दुकानात ज्याची काडतुसे सहज मिळतात ती घ्या.

.300 विंचेस्टर मॅग्नमबद्दल मात्र जपून. 180 ग्रेनची गोळी ती 2,960 ने फेकते, म्हणजे सुमारे 3,500 फूट-पौंड. त्याची किंमत खांदा मोजतो. आठ पौंडांच्या रायफलीत .30-06 चा धक्का साधारण 20 फूट-पौंड, .300 चा 26 च्या पुढे. .243 ची सवय असलेल्या माणसाला हा फरक फार आहे. आपण दचकतो का, हे कळायला एक चाचणी करा. मित्राला पाच काडतुसांत दोन डमी (न उडणारी खोटी काडतुसे) मिसळून, तुम्हाला न दाखवता भरायला सांगा. डमीवर घोडा पडला आणि नळीचे तोंड खाली बुडाले, की समजा तुम्ही आवाजाआधीच डोळे मिटता. असा नेमबाज .300 ने पोटात मारतो, .308 ने फुप्फुसात.

नेम 200 यार्डांवर बसवा. 180 ग्रेनची .30-06 मग 100 यार्डांवर सुमारे 2 इंच वर आणि 300 वर सुमारे 9 इंच खाली लागते. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जा, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर धरा. गोळी लागल्याचे एल्क अनेकदा दाखवत नाही. उभा असेल तोवर लगेच दुसरी भरून मारा. काय झाले ते बघत बसू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगतो. एच-1बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर अमेरिकेत बंदूक किंवा काडतुसे बाळगणे फेडरल कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार परवाना हातात असणे हा त्यातला एक अपवाद, म्हणून त्याची मुदत संपू देऊ नका. ग्रीन कार्डधारकांना हा नियम लागू नाही. आणि 1 जानेवारी 1949 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कोलोरॅडोत सहसा हंटर एज्युकेशनचे प्रमाणपत्र असल्याशिवाय परवाना मिळत नाही.

प्रश्न : बाँडेड, पार्टिशन, कॉपर... गोळ्यांच्या पेट्यांवर नावेच नावे. 180 ग्रेन ती 180 ग्रेन, मग दुप्पट पैसे कशाला?
– एक वाचक, सॅक्रामेंटो

उत्तर : साधी गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि वर तांब्याचे पातळ आवरण. हरणाला ती उत्तम, लवकर फुलते. मोठ्या हाडावर जवळून बसली तर मात्र आवरण सोलून निघते आणि शिशाचे तुकडे होतात. 180 ग्रेनपैकी 80-90 च पुढे जातात. 1946 मध्ये ब्रिटिश कोलंबियात जॉन नोस्लर यांच्या .300 हॉलंडच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या अंगावर वरच्यावर फुटल्या. त्यातून त्यांनी मध्ये तांब्याचा पडदा असलेली पार्टिशन गोळी काढली: पुढचा अर्धा फुलतो, मागचा तसाच पुढे घुसतो. बाँडेड गोळीत शिसे आणि आवरण एकमेकांना पक्के जोडलेले असते.

तुम्ही कॅलिफोर्नियात आहात, म्हणजे तुम्हाला निवडच नाही. 1 जुलै 2019 पासून तिथे कुठल्याही शिकारीत शिशाची गोळी चालत नाही. पूर्ण तांब्याची गोळी वजन जवळजवळ टिकवून ठेवते, म्हणून एक पायरी हलकी घ्या, 180 ऐवजी 165 किंवा 150. तांबे शिशाहून हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी संथ पिळाच्या (आतल्या खाचा कमी वळणाच्या असलेल्या) नळीतून नीट फिरत नाही, कागदावर आडवे भोक पाडते. दुसरे म्हणजे वेग 1,800-2,000 फुटांखाली गेला की बऱ्याच तांब्याच्या गोळ्या फुलत नाहीत, पेन्सिलीसारख्या आरपार जातात. कंपनीने दिलेला किमान वेग पाहून तुमचे अंतर ठरवा.

प्रश्न : स्वीडनमध्ये शिकारीची परीक्षा पास झालो. इथे सगळे जण मूसवर 6.5×55 वापरतात. मी 6.5 क्रीडमूर घेतली तर हसतील का?
– एक वाचक, गोथेनबर्ग

उत्तर : हसणार नाहीत, पण काडतुसांच्या पेटीवरचे आकडे तपासा. मूससाठीचा स्वीडिश नियम असा: गोळी किमान 10 ग्रॅमची असेल तर 100 मीटरवर 2,000 जूल पुरे, 9 ते 10 ग्रॅमच्या मधली असेल तर 2,700 जूल हवेत. 6.5×55 ची पारंपरिक 156 ग्रेनची गोळी 10.1 ग्रॅमची, म्हणून सहज पास. क्रीडमूरची 140 ग्रेनची गोळी 9.07 ग्रॅमची, आणि 100 मीटरवर ती बरोबर 2,700 च्या काठावर घुटमळते. एका कंपनीचे काडतूस बसते, दुसरीचे नापास होते. लांब-जड 6.5 ची गोळी आपल्या व्यासाच्या मानाने खूप खोल जाते, हेच तिचे बळ.

प्रश्न : नामिबियात गेम्सबॉक आणि कुडू या मोठ्या आफ्रिकी मृगांसाठी .30-06 नेणार आहे. तीच रायफल म्हशीला, म्हणजे केप बफेलोला, चालेल? आफ्रिकेतला जुना शिकारी वॉल्टर बेल याने तर 7 मिमीने हत्ती मारले.
– एक वाचक, दुबई

उत्तर : गेम्सबॉक-कुडूला चालेल. तिथे त्यांच्यासाठी 2,700 जूल लागतात, .30-06 जवळपास 3,950 देते. बफेलोला 5,400 लागतात, म्हणजे प्रश्नच मिटला. .375 हॉलंड अँड हॉलंड 300 ग्रेनची गोळी 2,530 ने फेकते, सुमारे 5,780 जूल. 9.3×62 चा व्यास मोठा आहे, पण नेहमीच्या 286 ग्रेनच्या काडतुसात 4,800 च्या आसपास अडकते. बेलने शेकडो हत्ती मारले ते न फुलणाऱ्या लांब सॉलिड गोळीने, मेंदूवर, हत्तीच्या कवटीची रचना पाठ करून. पाहुण्या शिकाऱ्याला ते जमत नाही. बफेलोला पहिली गोळी जाड आवरणाची फुलणारी, मागून सॉलिड भरून ठेवा. पळताना तो पाठमोरा असतो.

प्रश्न : जुन्या संस्थानी रायफलींवर .465, .470, .475 असे आकडे दिसतात. .450 सोडून हे विचित्र माप का? आणि आपल्याकडची .315 कुठून आली?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हिंदुस्थानात .450 व्यासाच्या रायफलींवर ब्रिटिश सरकारने बंदी घातली, कारण ती काडतुसे आणि गोळ्या बंडखोरांच्या हातातल्या जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफलींना उपयोगी पडतील अशी भीती होती. बंदूक-कारागिरांनी व्यास थोडा वाढवून वाट काढली; .465 आणि .470 या 1907 च्या सुमाराच्या. .315 मागेही हाच विचार आहे: .303 लष्करी म्हणून नागरिकांना मनाई, तर इशापूरच्या कारखान्याने तशाच घडणीची रायफल ऑस्ट्रियाच्या 8×50 मॅनलिकर काडतुसासाठी बनवली. तिची जड, संथ गोळी रानडुकराला पुरेल इतकी आहे, पण भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली शिकारीला मनाई आहे. पिकाचे नुकसान करणारे डुक्कर किंवा रोही मारायचे तरी आधी वनविभागाची लेखी परवानगी लागते, शस्त्राचा परवाना त्यासाठी पुरत नाही.