ऑर्डर आहे, तरी पोरगं भेटू देत नाहीत आणि वकील परवडत नाही, काय करू?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. घटस्फोट झालाय, पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सहा वर्षांच्या मुलाला भेटायची ऑर्डर आहे, तुम्ही शिरपूरहून जळगावला जाता आणि पोराच्या आईच्या दाराला कुलूप. मी वकील नाही, कोर्टात कारकुनी केली, आता रिटायर, पण असल्या दरखास्ती, म्हणजे कोर्टाची ऑर्डर बजावून घ्यायचे अर्ज, माझ्या टेबलावरून पुष्कळ गेल्यात म्हणून सांगतो.

पोलीस स्टेशनला चकरा मारू नका. ते एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतील आणि कोर्टात जा म्हणतील, दिवाणी मामला आहे, त्यांचंही चूक नाही. आणि चार भाऊबंद नेऊन पोराला गाडीवर बसवून आणायचं डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका, तेवढ्यावर समोरची पार्टी तुमची भेट बंद करायचा अर्ज टाकेल. पोटगीही थांबवू नका. पोरगं दाखवत नाही तर पैसे कशाला, असं प्रत्येक जण बोलतो, पण कोर्ट या दोन गोष्टी एकमेकांत गुंतवत नाही, थकली की वॉरंट तुमच्याच नावानं निघतं.

आता खरा मुद्दा. ऑर्डरची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि शांतपणे वाचा. "दोन रविवारी भेटू शकेल" एवढंच लिहिलंय का? मग घोळ तिथंच आहे, कारण समोरून उत्तर येतं की आम्ही घरीच होतो, हेच आले नाहीत, मग जजसाहेब तरी काय करणार, जे लिहिलेलं असतं तेवढंच कोर्ट बजावून देऊ शकतं. त्यामुळे आधी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ऑर्डर स्पष्ट करून मागा, निकालानंतरही हा अर्ज चालतो. साधं लिहा: "सकाळी ११ ते सायंकाळी ५, मुलाला आईने किंवा मामाने बसस्थानकाच्या चौकशी खिडकीसमोर आणून द्यावे, रविवार चुकल्यास लगतचा पुढचा रविवार." व्हिडिओ कॉलची वेळही मागा, यशिता साहू केसमध्ये २०२० ला सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की ताबा नसलेल्या पालकाला भेटीसोबत मुलाशी बोलायचा हक्कही मिळायला हवा.

तोवर दर खेपेला आदल्या दिवशी मेसेज टाका, "उद्या ११ ला येतोय", एसटीचं तिकीट जपून ठेवा, कुलपाचा फोटो काढा, वहीत तारीख टाका. मेसेजमध्ये एकही शिवी नको, तेच प्रिंट साहेबांसमोर जाणार आहेत. त्या प्रिंटसोबत नव्या साक्ष कायद्याच्या (भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३) कलम ६३ चं सर्टिफिकेट, म्हणजे हे प्रिंट मोबाइलमधल्या मूळ मेसेजचेच आहेत असा दाखला, लागतं, हे लोक हमखास विसरतात.

मग दरखास्त, ज्या कोर्टानं ऑर्डर दिली तिथंच. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१ नियम ३२ लिहायचा, त्यात मालमत्ता जप्तीपासून दिवाणी जेलपर्यंत सगळं आहे, पण माझं ऐका, पहिल्याच ओळीत पोराच्या आईला आत टाका असं मागू नका. बुडालेले रविवार भरून द्या, आणि निदान सुरुवातीला भेट कोर्टातच समुपदेशकांसमोर घडवा, एवढं मागा. बऱ्याच घरांत नोटीस पोचली की दार उघडतं. अवमान याचिका म्हणाल तर ती हायकोर्टात, आपल्याकडच्यांना औरंगाबाद खंडपीठ, मुदत एक वर्षाची, ते हत्यार शेवटी काढायचं.

वकिलाचं टेन्शन घेऊ नका. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ च्या कलम १३ प्रमाणे तिथं वकील हा कोणाचाच हक्क नाही, स्वतः उभं राहता येतं, गरज वाटली तर कोर्ट न्यायमित्र, म्हणजे कोर्टाला मदत करणारा कायद्याचा जाणकार, देतं. फुकट वकील हवाच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन लावा. आपल्या राज्यात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत लागतं, आणि बायका, अनुसूचित जाती, जमाती यांना ती अटच नाही, नंदुरबार-साक्रीकडच्या कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं. तारखा ईकोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र नंबर) टाकून बघा.

पोरगं स्वतःच नाही म्हणतंय असं समोरून आलं तर साहेब त्याला चेंबरमध्ये बोलावून एकट्याशी बोलू शकतात. तेव्हा भेटीत आईबद्दल खोदून विचारू नका, ते घरी जाऊन सगळं सांगतं.

ज्यांची फारकत पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर झालीये त्यांच्यासाठी पण लिहितो, त्या कागदाची दरखास्त होत नाही. आधी गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट १८९० खाली अर्ज करून ऑर्डर घ्या, मूल जिथं राहतं त्या जिल्ह्यात.

आणि सुट्ट्यांचं वेगळं मागा. दिवाळी सगळेच मागतात, आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, कोणाला सुचत नाही, आणि पोराच्या आत्या, आतेभावंडं सगळी घरी असतात ती आखाजीलाच. फक्त अर्ज मार्चमध्येच टाका, मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागते.