बेल्टची चूक डेल्कोवर

प्रश्न : कार्ब्युरेटरवाल्या मारुती 800 चा टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅमशाफ्ट जोडणारा दातेरी पट्टा) बदलल्यापासून पिकअप गेला आहे. कसारा घाटात गाडी दुसऱ्या गिअरलाही धापा टाकते. डेल्को (डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना स्पार्क वाटणारा भाग) फिरवून स्पार्कचं टायमिंग दोनदा लावलं, टायमिंग लाइटवर खूणही बरोबर दिसते. चुकतंय कुठे? (सातपूर, नाशिक)

उत्तर : बहुधा बेल्टचा एक दात चुकलाय. टायमिंग लाइटला फक्त स्पार्क कळतो, व्हॉल्व्ह कळत नाहीत. या इंजिनात डेल्को कॅमशाफ्टवरून, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरून फिरतो. त्यामुळे दात चुकला की स्पार्क आणि व्हॉल्व्ह दोन्ही एकदम सरकतात. डेल्को फिरवून स्पार्क जागेवर येतो, व्हॉल्व्ह मात्र चुकलेलेच राहतात. तेव्हा डेल्को सोडा, बेल्टचं कव्हर उघडा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि प्लग काढा. क्रँक बेल्टच्या बाजूने पाहून घड्याळाच्या दिशेनेच फिरवा. कॅम पुलीची खूण आतल्या कव्हरच्या खुणेसमोर आली, की क्रँकच्या दातेरी पुलीवरचा ठिपका ऑईल पंपावरच्या बाणासमोर हवा. इग्निशन टायमिंगची खूण इथे धरू नका, ती वेगळी. घोळ बरेचदा तिथेच होतो.

खुणा जुळत नसतील तर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) ढिला करून बेल्ट काढा, खुणा जुळवा आणि टेन्शनरच्या विरुद्ध बाजूचा बेल्ट ताठ ठेवून तो परत चढवा. टेन्शनरचे बोल्ट आधी हातानेच लावा, स्प्रिंगला बेल्ट ताणू द्या. क्रँकचे पूर्ण दोन फेरे मारा, मग बोल्ट आवळा आणि खुणा पुन्हा तपासा. घाईत हे दोन फेरे राहिले, तर बेल्टचा झोल नंतर निघतो आणि दात सरकतो.

इग्निशन शेवटी. पॉइंटवाला (स्पार्कसाठी उघडमिट होणारे संपर्क असलेला) डेल्को असेल तर आधी पॉइंटची गॅप लावा. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग ॲडव्हान्स होतं (स्पार्क लवकर पडतो), म्हणून क्रम उलटा केला तर मेहनत वाया. इंजिन गरम हवं, लाइटची क्लिप एक नंबर प्लगच्या वायरवर, अंश मॅन्युअलमधले. तरीही चढावर इंजिन खडखडलं तर थोडं रिटार्ड करा, म्हणजे स्पार्क जरा उशिरा पडू द्या.

प्रश्न : डिझेल गाडी 11 वर्षांची, फिरली 40,000 किमी. बेल्ट दिसायला नवाच आहे. बदलावा का? (सिन्नर)

उत्तर : बदला. गाडी उभी असली तरी रबराचं वय वाढतंच. मॅन्युअलमधली किलोमीटर आणि वर्षांची मुदत, दोन्हींपैकी जी आधी संपेल ती धरायची. डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांत जागा फार थोडी असते. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. टेन्शनर आणि ऑईल सील सोबतच बदला; वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, म्हणजे मजुरी एकदाच पडते. मात्र गाडीला बेल्टच आहे ना, हे आधी पाहा. काही गाड्यांना बेल्टऐवजी चेन असते.