परमँगनेटचा आलेख वाकतोय?

पोटॅशियम परमँगनेटने ऑक्झॅलिक आम्लाचं ऑक्सिडीकरण किती वेगाने होतं हे मोजतेयस, आणि वेळेबरोबरचा आलेख सरळ येत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस, तो सरळ यायचाच नाही. परमँगनेटचा गुलाबी रंग आधी हटता हटत नाही आणि मग एकदम पळतो, कारण अभिक्रियेतच तयार होणारं मँगनीज (दोन), म्हणजे Mn²⁺ आयन, पुढची अभिक्रिया वेगात नेतं. हेच स्वयंउत्प्रेरण: अभिक्रियेतला पदार्थच तिला वेग देतो. खात्री हवी तर पहिल्यापासूनच चिमूटभर मँगनस सल्फेट घाल, सुरुवातीचं रेंगाळणं जातं.

परमँगनेटचं द्रावण उकळून, रात्रभर ठेवून, सिंटर्ड (सच्छिद्र) काचेतून गाळतेस ना? फिल्टर पेपर नको, कागदच त्याचं क्षपण करतो (ऑक्सिडीकरणाच्या उलट), म्हणजे परमँगनेट वाया जातं. (माझे पहिल्या वर्षी दोन आठवडे याच चुकीत गेले.) आम्ल सल्फ्युरिक घे. हायड्रोक्लोरिकमधल्या क्लोराइडचंच ऑक्सिडीकरण होतं, मग तू नक्की कशाची गती मोजतेयस?

सेंद्रिय पदार्थ परमँगनेटच्या किमान दहापट ठेव, परमँगनेटचं प्रकाश-शोषण ५२५ नॅनोमीटरवर मोज, तापमान स्थिर ठेवणारा थर्मोस्टॅट सोडू नकोस.

यंत्रणा, म्हणजे अभिक्रिया कोणत्या टप्प्यांनी घडते ते, लिहायची मात्र घाई नको. नुसत्या अभिक्रियेच्या कोटीवरून (वेग संहतीवर कसा अवलंबून आहे त्यावरून) इलेक्ट्रॉनांचे बाण काढणारे खूप भेटतील. क्रोमिक आम्ल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचं बघ: मधल्या कार्बनवरच्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) आला की वेग सहा-सातपट घटतो, म्हणजे तो कार्बन-हायड्रोजन बंध वेग ठरवणाऱ्या टप्प्यातच तुटतो. आणि मुक्त मूलकांचा (एकट्या इलेक्ट्रॉनच्या अतिक्रियाशील कणांचा) संशय असेल तर थोडं ॲक्रिलोनायट्राइल घालून बघ, पांढरा पॉलिमर बसतो का ते. फ्यूम हूडमध्येच हं, ते विषारी आहे.