आधी वजनाची वही घाल

अनेक आशीर्वाद.

चाकांच्या चिलखती गाड्यांच्या कामावर तुझी नेमणूक झाली, फार आनंद झाला. पोलाद किती जाड, तोफ कोणती, असं तू विचारलं आहेस. त्याआधी अमेरिकेच्या स्ट्रायकर या चिलखती गाडीची हकिकत मुळापासून समजून घे.

1990 मध्ये इराकने कुवेत गिळलं तेव्हा अमेरिकेचे छत्रीधारी सैनिक सौदी अरेबियात भराभर उतरले, पण इराकी रणगाडे चालून आले असते तर त्यांचा निभाव कठीण होता. जड रणगाडे जहाजाने येईपर्यंत आठवडे गेले. म्हणून 1999 मध्ये अमेरिकी लष्कराचे प्रमुख एरिक शिन्सेकी यांनी लक्ष्य ठेवलं: 96 तासांत एक ब्रिगेड, म्हणजे काही हजार सैनिकांची तुकडी, जगात कुठेही. त्यातून आठ चाकांची स्ट्रायकर आली. सी-130 या मालवाहू विमानातून जाता यावं, म्हणून वजन 19 टनांच्या आसपास.

विमानात ती मावायची, पण एवढं ओझं घेतलं की विमानाचा पल्ला घटायचा. 2003 च्या अखेरीस पहिली स्ट्रायकर ब्रिगेड इराकला निघाली ती टाकोमा बंदरातून, जहाजाने. कुवेतमध्ये आरपीजीपासून, म्हणजे खांद्यावरून डागायच्या रॉकेटपासून, बचावासाठी गाड्यांभोवती सळ्यांचा पिंजरा बसवला. त्याचं वजन दोन टनांहून जास्त. पिंजऱ्याने माणसं वाचवली. तो नको होता असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या वजनाने टायरमधली हवा राखणारी यंत्रणा अपुरी पडली आणि सैनिकांना हवा दिवसातून पुन्हा पुन्हा स्वतः तपासावी लागली. पुढे अफगाणिस्तानात सुरुंगांनी गाड्यांचे सपाट बूड फाडले, म्हणून 2011 पासून स्फोटाचा झोत बाजूला वळवणारा दुहेरी ‘व्ही’ आकाराचं बूड आलं. पुन्हा वजन वाढलं, मग टायर रुंद करावे लागले, सस्पेन्शन भक्कम करावं लागलं.

यातून माझं मत पक्कं झालं आहे. चाकांचा खरा फायदा विमानात चढण्यापेक्षा उतरल्यानंतर दिसतो. 2013 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या मोहिमेसाठी फ्रान्सच्या चाकांच्या गाड्या जहाजाने सेनेगलच्या डाकार बंदरात उतरल्या आणि तिथून 1,000 किलोमीटरहून लांबचा रस्ता तुडवत मालीत गेल्या. रणगाड्यासारख्या, पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांना एवढ्या अंतरासाठी सहसा ट्रेलर लागतात. स्वतः धावल्या तर पट्टे झिजतात आणि डिझेल पाण्यासारखं जातं. चिखलात आणि भुसभुशीत वाळूत मात्र पट्टाच सरस. चाकांचा अभिमान बाळग, पण हे नाकारू नकोस.

आपल्याकडे नगरच्या व्हीआरडीई या लष्करी वाहन संशोधन संस्थेने टाटांबरोबर आठ चाकांची व्हॅप गाडी घडवली. ती पाण्यावरही चालते. अशा गाडीला चिलखताचा एक तक्ता वाढवला की ती पाण्यात आणखी खाली बसते. लडाखच्या विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, तिथे तोच तक्ता चढावर नडतो. तेव्हा पहिल्याच दिवशी वजनाची वही घाल. ब्रॅकेट, नटबोल्ट, वायरींचे जुडगे, पाण्याचे कॅन, सैनिकांचं सामान, सगळं तिच्यात आलं पाहिजे. रेखाटनातला आकडा धरू नकोस, काट्यावर ठेवून लिही. पुढे वाढणाऱ्या चिलखतासाठी दोन-तीन टन आधीच राखून ठेव आणि ते दुसऱ्या कुणी मागितले तर ठाम नकार दे. बैठकीत प्रत्येक जण थोडंच मागतो, आणि प्रत्येकाची गरज खरी असते. म्हणूनच हे काम अवघड आहे. वरिष्ठ रागावले तर वही पुढे कर.

आणि वर्कशॉपमध्ये जाऊन, पूर्ण लादलेल्या गाडीचं एक चाक जवानांबरोबर स्वतः बदल. जॅक कुठे लागतो, हात कुठे पोचत नाही, ते लिहून मला पाठव. सस्पेन्शनवर त्यानंतर बोलू.