गुडघा वाकतोय, मग कोर्टवर पाऊल का पडत नाही?

"ऑपरेशनला पाच महिने झाले. डॉक्टर म्हणतात, सगळं छान आहे. मग कोर्टवर जायचं म्हटलं की पोटात गोळा का येतो?" गुडघा बदलून घेतलेल्या खेळाडूंकडून हा प्रश्न मी बऱ्याचदा ऐकते. त्यातल्याच एकींचा हा अनुभव. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय 61, बॅडमिंटन 30 वर्षांचं. गुडघा 115 अंशांपर्यंत वाकत होता, जिना चढता येत होता. रॅकेट मात्र कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात. "पूर्ण बरी झाले की जाईन," हे पालुपद.

धीर यावा म्हणून मुलाने त्यांना टेनिसपटू अँडी मरेचं उदाहरण दिलं. जानेवारी 2019 मध्ये खुब्याची शस्त्रक्रिया, त्याच ऑक्टोबरमध्ये अँटवर्पचं विजेतेपद. "आणि मला अजून मोजा घालताना दम लागतो," असं म्हणून त्या रडायलाच लागल्या. मुलाचा हेतू चांगला होता, तुलना चुकीची होती. मरेच्या खुब्यातला हाडाचा गोळा काढला नव्हता, त्यावर धातूची टोपी बसवली होती. संपूर्ण गुडघा बदलताना मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं कापून धातूचे भाग बसवतात, मध्ये पॉलिथिलिन या प्लास्टिकची चकती असते. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद खूप उतरते, सूज काही महिने रेंगाळते आणि सुधारणा वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ चालू राहते. पाचव्या महिन्यात थकवा येणं म्हणजे मागे पडणं नव्हे.

हे त्यांना पटलं, पण भीती काही हलली नाही. तिसऱ्या भेटीत मी सहज विचारलं, "व्रणावरून हात फिरवता का कधी?"

बराच वेळ त्या गप्प. मग म्हणाल्या, "आंघोळीला त्याच्यावरून नुसतं पाणी सोडते. मॅडम, तो माझा वाटतच नाही."

खरी अडचण इथे होती. डाव्याला त्या 'माझा गुडघा' म्हणायच्या आणि उजव्याला 'ते'. ज्याला स्वतःचं म्हणवत नाही, त्याच्या भरवशावर शटलमागे कोण धावेल?

जखम केव्हाच भरली होती. रोज रात्री दोन्ही तळवे गुडघ्यावर ठेवून पाच मिनिटं बसायचं, एवढंच ठरवलं. पुढच्या आठवड्यापासून कोर्टवर जायचं, तेही फक्त खुर्चीत बसून खेळ बघायला. खेळाबद्दलचे प्रश्न लिहून त्यांनी सर्जनना विचारले. उत्तर आलं: स्नायूंची ताकद आल्यावर दुहेरी चालेल, पण उड्या आणि पुढे झेपावणं नको. त्याने कृत्रिम सांध्यावर ताण येतो, पडण्याचाही धोका असतो.

एक मात्र आवर्जून सांगते. पोटरी दुखून सुजली, ताप आला, गुडघा अचानक लाल आणि गरम झाला, तर ते मनाचे खेळ समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि एकदम छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर तडक रुग्णालयात जा.

दहाव्या महिन्यात त्या पहिल्यांदा खेळल्या, जेमतेम 15 मिनिटं. दुसऱ्या दिवशी फोन आला. "नेटजवळ एक शटल पडलं. पूर्वी झेप घेतली असती. काल सोडून दिलं." मग हळूच म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला नको होतं ते."